मामाचं हिरवं, भाचीचं लाल

आमच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या घरात २०१२ सालचा एक डेस्कटॉप आहे. आडतीच्या पट्ट्यांचे हिशेब, घरातल्या तीन पोरांचे शाळेचे प्रोजेक्ट आणि एका लग्नाची पत्रिका (एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, कारण वरपक्ष चित्तापूरचा) एवढं सगळं त्यानं मुकाट्यानं निभावलं. मध्यंतरी पुतण्या म्हणाला, "काका, ह्याच्यात ग्राफिक्स कार्ड टाकू. जीटीए फाइव्ह चालंल." मी म्हटलं, टाकू की. इतक्या सहज हो म्हटल्याची शिक्षा म्हणून पुढचे पंधरा दिवस ह्या एकाच विषयात गेले. कार्ड बसलं का, डिस्प्ले आला का, ते शेवटी सांगतो. त्याआधी पंधरा दिवसांत जो खाऊ हाती लागला तो वाटून खाऊ.

चार पंडित आणि ८९६ माणसं

आपल्याकडं टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. "सीपीयू घेऊन या" असं दुकानदारानं सांगितलं की माणूस डबा काखेत मारून एसटी स्टँडवर उभा. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यात पंख्याखाली झाकलेली दीड इंची चौकोनी वडी. आमच्या वडीत, आय५-३४७० मध्ये, चार कोर म्हणजे गणित करणारे चार भाग आहेत. चार पंडित म्हणा. कसलंही अवघड गणित द्या, सोडवतात.

पण पडद्यावरचं काम अवघड नसतंच, ते फक्त अफाट असतं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि खेळ गुळगुळीत दिसायचा तर ते सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. पोतंभर तूर निवडायला चार पंडित बसवून काय उपयोग? तिथं माणसं हवीत. जीटीएक्स १६५० ह्या साध्या कार्डात असे ८९६ कोर आहेत. हा ८९६ आकडा ध्यानात ठेवा, पुढं त्याची एक गंमत आहे.

ही माणसं ज्या चिपेत बसतात तिला जीपीयू म्हणतात. हा शब्द एनव्हिडियानं १९९९ साली जीफोर्स २५६ विकताना 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून गाजवला. सोनीनं १९९४ च्या प्लेस्टेशनमधल्या चिपला तेच नाव आधीच देऊन ठेवलं होतं. बारसं दोनदा झालं, गाजलं ते दुसरं.

दोन कंपन्या, एकच घर

ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात हिरवं आणि लाल अशा दोन तालमी आहेत. हिरवी एनव्हिडियाची, लाल एएमडीची. इंटेलचं निळं कार्डही आता असतं, पण कुस्ती हिरव्या-लालचीच. दोन्हीकडचे चाहते एकमेकांशी असे भांडतात की गावच्या निवडणुकीची आठवण यावी.

गंमत पुढंच आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि २०१४ पासून एएमडी चालवणाऱ्या लिसा सू हे एकमेकांचे नातेवाईक. दोघांचा जन्म तैवानचा. इंग्रजीत हे नातं सांगायला अर्धी ओळ लागते आणि तरी कळत नाही. मराठीत बघा: जेन्सनची आई ही लिसाच्या आईच्या वडिलांची बहीण. म्हणजे लिसाची आई ही जेन्सनची मामेबहीण आणि लिसा ही मामेबहिणीची मुलगी. भाचीच की! मामा हिरवं विकतो, भाची लाल विकते, आणि बहुतेक वेळा दोघांच्याही चिपा घडतात तैवानच्याच टीएसएमसी ह्या कारखान्यात. नात्यातला एवढा मोठा धंदा आमच्या दाल मिलवाल्यांनीही पाहिला नसेल.

हा मामा पंधराव्या वर्षी अमेरिकेतल्या डेनीज नावाच्या हॉटेलात ताटं धुवायचा. १९९३ साली दोन मित्रांबरोबर एनव्हिडियाचा बेत शिजला तोही सॅन होजेच्या डेनीजमध्येच, टेबल अडवून. कंपनीच्या नावामागं 'इन्व्हिडिया' हा लॅटिन शब्द आहे. अर्थ: मत्सर. लाल कार्डाचा इतिहास त्यामानानं सरळ. ही कार्डं मुळात टोरांटोजवळच्या एटीआय कंपनीची, तिला एएमडीनं २००६ साली ५४० कोटी डॉलर मोजून विकत घेतलं.

"पावर सप्लाय कित्ते का है?"

बीदरच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं कार्डाचा विषयच काढला नाही. पहिला प्रश्न, "पावर सप्लाय कित्ते का है?" मी ऐटीत म्हटलं, ४५० वॉट. तो हसला. "लिखे सो कित्ते, देते सो कित्ते?"

ह्या एका दखनी वाक्यात ग्राफिक्स कार्डाचं निम्मं शास्त्र आहे. घरी येऊन डब्याची पत्र्याची बाजू काढली, एसएमपीएसवरचं, म्हणजे पावर सप्लायवरचं, स्टिकर टॉर्च लावून वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते ह्याच १२ व्होल्टच्या ताटात. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ताटात वाढून ठेवलेले, ज्यांच्याकडं कार्ड फारसं वळूनही बघत नाही. १६८ मधून प्रोसेसरचे ७७ गेले, उरले ९१. त्यातून हार्ड डिस्क आणि पंख्यांचा वाटा जायचा अजून बाकीच.

मदरबोर्डाची लांब खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: ६ पिनांची असेल तर आणखी ७५, ८ पिनांची असेल तर १५०. म्हणून जुन्या डब्याच्या मालकानं शोधायचं ते 'बिनवायरचं' कार्ड. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉट, २०१९ चं १६५० ७५ वॉट, २०२४ चं आरटीएक्स ३०५० (फक्त ६ जीबीचं, ८ जीबीचं नव्हे) ७० वॉट. मात्र १६५० चेही काही नग वायर मागतात, तेव्हा पेटीवरचा फोटो बघूनच पैसे काढा.

आता तुलना बघा. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीचा अख्खा पॉवर सप्लाय ६३.५ वॉटचा होता. म्हणजे आजचं गरीब कार्ड एकटंच त्या पूर्ण कॉम्प्युटरपेक्षा जास्त वीज खातं. २०२५ च्या श्रीमंत आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॉट लागतात, तसले नऊ पीसी. घरातला ५०० वॉटचा मिक्सर चटणी वाटून झाली की बंद तरी होतो. हे कार्ड खेळ संपेपर्यंत चालूच. आणि लांबी ३०.४ सेंटिमीटर. शाळेतली फूटपट्टी कंपासात मावत नाही, तसं हे आमच्या डब्यात मावलंच नसतं, वाटेत हार्ड डिस्कचा पिंजरा आहे.

यूपीएसचंही तेच. ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. आमच्या वीज कंपनीचा, जेस्कॉमचा, करंट गेला की नेमका पाठलाग रंगात आलेला असतो, आणि यूपीएस अशी किंकाळी फोडतो की शेजारी विचारायला येतात.

कार्डानं दिलेलं अक्षर

इथं जरा बसून बोलू, कारण ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरांचा खेळ असं समजणाऱ्या आमच्या पिढीला हे माहीत हवं की पडद्यावरचं आपलं अक्षर एका कार्डातूनच आलं.

पहिल्या आयबीएम पीसीबरोबर दोन तऱ्हेची कार्डं मिळत. एक एमडीए: नुसती अक्षरं, ८० रकाने, २५ ओळी, चित्र काढायची सोयच नाही. दुसरं सीजीए: चित्र काढी, पण ३२० बाय २०० ठिपक्यांत एका वेळी चार रंग, आणि मेमरी १६ केबी. आजच्या ४ जीबीच्या कार्डाची मेमरी त्याच्या २ लाख ६२ हजार १४४ पट आहे. एमडीएची अक्षरं कार्डावरच्या चिपमध्ये कायमची ठोकून बसवलेली, प्रत्येक अक्षर सारख्याच मापाच्या चौकटीत. इंग्रजीला हे चालून जातं. 'दऱ्याखोऱ्यांतून' हा शब्द त्या चौकटीत कोंबून बघा. वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर, त्यावर अनुस्वार.

थाई लिपीचं दुखणं अगदी हेच. व्हॅन सुवन्नुकुल ह्या थायलंडच्या विद्यार्थ्याला आपला पीएचडीचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. अक्षर उमटेना, तेव्हा त्यानं १९८२ साली ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं एकरंगी कार्ड स्वतः तयार केलं. तेच हर्क्युलस कार्ड. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या ऑफिसांतून ते खपलं. प्रबंधासाठी कुणी नोकरी सोडतं, कुणी लग्न लांबवतं. ह्या गड्यानं हार्डवेअर कंपनी काढली.

आपल्या बाजूची गोष्ट कानपूरला सुरू होते. तिथल्या आयआयटीत तयार झालेलं देवनागरी टर्मिनल १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या जागतिक हिंदी संमेलनात मांडलं गेलं. त्या कामातले मोहन तांबे पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथून बाहेर पडलं जिस्ट कार्ड. नावातच 'ग्राफिक्स' आहे: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. पीसीच्या खाचेत हे कार्ड खोचलं की डॉसमधले वर्डस्टार, लोटस, डीबेससारखे पक्के इंग्रजी प्रोग्रॅम पडद्यावर मराठी दाखवू लागत, कन्नड दाखवू लागत. आपण मराठी लिहितोय ह्याचा प्रोग्रॅमला पत्ताही नसे. सी-डॅक म्हटलं की लोक परम महासंगणक आठवतात, तो घडवणारे विजय भटकर आठवतात. बरोबरच आहे. पण घराच्या एका खोलीत मराठी आणि दुसऱ्या खोलीत कन्नड बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना परमपेक्षा हे कार्ड जास्त जवळचं वाटायला हवं.

८९६ मिळवा, कन्नड होईल

जिस्टच्या मागं एक देखणी कल्पना होती. भारतीय लिप्यांचे वळसे निराळे, पण वर्णमाला एकाच क्रमाची: क, ख, ग, घ. मग प्रत्येक लिपीला वेगळा क्रमांक कशाला? 'क' ह्या ध्वनीला एकच क्रमांक द्या आणि पडद्यावर हवी ती लिपी दाखवा. हेच इस्की, १९९१ साली भारतीय मानक झालं. ह्यात मजकूर एकदाच टाइप करायचा, लिपी बदलली की मराठी अक्षरातलं नाव कन्नड अक्षरात हजर. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर आजही मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकाच कळीवर आहेत.

नंतर युनिकोड आलं. त्यानं प्रत्येक लिपीला स्वतंत्र वाडा दिला, पण वाड्यातल्या खोल्यांचा क्रम इस्कीचाच ठेवला. आता तो ध्यानात ठेवलेला आकडा काढा. देवनागरी 'क' चा युनिकोड क्रमांक २३२५. कन्नड 'क' चा ३२२१. वजाबाकी करा: ८९६. 'म' घ्या, 'र' घ्या, 'ळ' घ्या, मराठी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवलं की कन्नड अक्षर मिळतं, मोजकी अक्षरं सोडली तर. आणि जीटीएक्स १६५० मध्ये कोर किती? ८९६. निव्वळ योगायोग आहे, पण तो सापडला त्याच दिवशी मी कार्ड पक्कं केलं. इतका चांगला शकुन भालकीत दुसरा कुठून मिळणार!

अजून एक चिमटा घ्या. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'ऱ्हास' ह्यांतला आडव्या भुवईसारखा र म्हणजे मराठीची खास ऐट. कॉम्प्युटरच्या पोटात तो कसा साठवलेला असतो? 'ऱ' हे अक्षर, त्याला हलंत. हे 'ऱ' युनिकोडच्या यादीत द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेलं आहे, आणि त्यात ८९६ मिळवले तर सरळ हळेगन्नडातला जुना 'ऱ' निघतो, जो आजच्या कन्नडातून गेलेला आहे. म्हणजे आपण 'बऱ्याच' लिहिलं की आत जुन्या कन्नडचं सावत्र भावंड बसलेलं असतं. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यांनी भाषणाआधी हे एकदा टाइप करून बघावं.

खाच तीच, खोडी निराळी

कार्डाची खाच, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, २००३ साली ठरली आणि तिचं माप आजवर बदललं नाही. २०२४ चं कार्ड २०१२ च्या बोर्डात खुशाल बसतं, वेग तेवढा जुन्याच्या मापानं चालतो.

बसतं ते चालतंच असं मात्र नाही. भाचीचं आरएक्स ६४०० बिनवायरचं आहे, ५३ वॉटांत भागतं, पण लांब खाचेतल्या १६ पट्ट्यांपैकी चारच वापरतं. नव्या बोर्डात खपून जातं, जुन्यात घसा आवळतो. इंटेलचं आर्क ए३८० तर रीसायझेबल बार नावाची सोय मागतं, जी आमच्या पिढीच्या बोर्डांना माहीतच नाही. मामाच्या जीटी १०३० ची कथा वेगळी: २०१७ चं जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड बरं होतं, २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर४ मेमरीचं आलं आणि ते बरंच हळू निघालं. पेटी तीच, नाव तेच, आतला माल वेगळा.

आणि मॉनिटर. निळ्या टोकाची १५ पिनांची व्हीजीए वायर ही आयबीएमनं १९८७ साली आणलेली वस्तू. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेनंतर कार्डांतून तसला सिग्नल निघणंच बंद झालं. जुना मॉनिटर ठेवायचा तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो, तोही आत चिप असलेला. दहा जणांपैकी नऊ जण हे कार्ड घरी आणल्यावर बघतात. मी नववा.

नौबादचं करेझ, तुरीचा भुसा

बीदरजवळ नौबादला बहामनी काळातलं करेझ आहे. जमिनीखालचा बोगदा, त्याला मधून मधून उजेडाचे आणि हवेचे झरोके, पाणी नुसत्या उतारानं गावाकडं येणार. मोटर नाही, पंप नाही. ग्राफिक्स कार्डावरच्या तांब्याच्या चकचकीत नळ्या बघितल्या की मला करेझ आठवतं. त्या नळीत थेंबभर द्रव असतं. चिपेकडच्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन परत पाणी होतं, आणि आतल्या अस्तरातून झिरपत माघारी येतं. इथंही मोटर नाही. पंखा असतो तो फक्त बाहेरच्या पत्र्यांची उष्णता उडवायला.

कार्डाची हिरवी-काळी पाटी बघितली की दुसरी आठवण बिद्रीची. बिद्रीवाला जस्त-तांब्याच्या भांड्यावर नक्षी कोरतो, तिच्यात चांदीची तार ठोकतो आणि किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून भांडं काळं करतो. चांदी तेवढी पांढरी राहते. सर्किट बोर्डाची रीत उलटी. तिथं आधी सगळीकडं तांबं असतं, आणि नको तेवढं रसायनानं खाऊन टाकतात. तारकशी दोन्हीकडं, एकात भरून, एकात खरवडून.

कलबुर्गीचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढं जातो. खोलीत पंचवीस अंश असताना जी चिप सत्तरवर असते, ती खोली चाळीसला गेली की पंचाऐंशीकडं निघते. मग कार्ड स्वतःच वेग कमी करतं. बैल दुपारी झाडाखाली बसतो तसंच, त्याला शहाणपण म्हणायचं, आळस नाही. त्यात आमच्याकडं जानेवारीत तुरीच्या राशी. भुशाची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर अशी थापली जाते की बोटानं नाव लिहावं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भिंगरीसारखं पळतं आणि बेअरिंग जातं. कार्ड काढलंत तर मागची पत्र्याची पट्टी परत लावा. त्या फटीतून धूळ तर येतेच, पण पालही येते. तिचं आत काय काम असतं ते तिलाच ठाऊक, पण निघताना ती बहुधा जिवंत नसते.

जुनं घ्यायचं असेल तर

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम ह्या आभासी चलनानं आपली रीत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर नाणी पाडायचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस जुंपलेली हजारो कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, पण पंखे थकलेले आणि चिपेवरची पेस्ट वाळून पापड झालेली असते.

त्याहून वाईट म्हणजे वेषांतर केलेली कार्डं. २०१० च्या सुमाराच्या चिपेला कार्डाची ओळख सांगणारा नवा बायॉस चढवून '१०५० टीआय' म्हणून विकण्याचा प्रकार इतका बोकाळला की जीपीयू-झेड ह्या फुकट प्रोग्रॅमनं २०१८ मध्ये असली कार्डं ओळखून नावापुढं 'फेक' लिहायला सुरुवात केली. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जा, सोलापूरला जा की उदगीरला, पेनड्राइव्हवर तो प्रोग्रॅम तेवढा घेऊन जा आणि पैसे देण्याआधी चालवून बघा.

बेडरूममधली दोन कार्डं

आज ज्या एआयचा गवगवा आहे त्याची एक मोठी उडी २०१२ साली, आमचा डेस्कटॉप आला त्याच वर्षी, दोन गेमिंग कार्डांवर मारली गेली. टोरांटोच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्कीनं प्रत्येकी ३ जीबीची दोन जीटीएक्स ५८० कार्डं आईवडिलांच्या घरातल्या आपल्या खोलीत लावून, चित्रं ओळखणारं ॲलेक्सनेट शिकवलं. सोबत इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन. हिंटन ह्यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. ही गोष्ट पुतण्यानं स्वयंपाकघरात आईला दोनदा ऐकवली, कार्डासाठी पैसे मागण्याआधी.

तरीही खरं सांगायचं तर

लग्नपत्रिका, बिलं, हिशेब, वर्डमधले अर्ज एवढंच काम असेल तर कार्डावर एक रुपया घालू नका. त्या पैशात सॅटा एसएसडी घ्या. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, एसएसडी पाचशेच्या वर. डबा चहा होण्याआधी चालू होतो. कार्डानं प्रोसेसर तरुण होत नाही आणि विंडोज ११ ही चालू लागत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी लागते, आमची तिसरी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १०५० टीआयच्या घराण्याला नवे ड्रायव्हर मिळणंही त्याच महिन्यात थांबलं, सुरक्षेची दुरुस्ती तेवढी २०२८ पर्यंत येईल. १६५० अजून यादीत आहे. व्हिडिओ एडिटिंग आणि खेळ असेल तर जुन्या डब्याला १६५० आणि एक चांगला, वजनदार एसएमपीएस, हा माझा निकाल. वजनदार शब्दशः: हातात घेऊन बघा, हलका लागला तर ठेवून द्या.

आता आमच्या कार्डाचं काय झालं ते. रविवारी दुपारी बसवलं. खाचेच्या टोकाची कडी 'टक' करून लागली. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. काढलं. सोन्याचा मुलामा असलेल्या दातांवर खोडरबर हलक्या हातानं घासला, परत बसवलं. काळा. बीपकडं कान लावला, कारण अवॉर्डच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचं दुखणं. आमच्या डब्यातून एकच छोटा बीप, म्हणजे सगळं ठणठणीत. रॅम काढून लावली, नवा एसएमपीएस उघडून बघायची वेळ आली. दोन तासांनी वहिनी चहा घेऊन आल्या, डब्याच्या मागं वाकल्या आणि म्हणाल्या, "भावजी, वायर जुन्याच भोकात आहे की."

कार्ड बसवलं की मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या उभ्या रांगेतून काढून खालच्या आडव्या कार्डाला लावायची असते. तेवढं आधी बघा.